दवाखाना गावात, बाई फडात

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) राज्यातील १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आत होते. चार दिवस वाहिन्यांवर चर्चा झाली, काही डॉक्टरांवर बोट ठेवले गेले, बायकांच्या 'अज्ञाना'बद्दल हळहळ व्यक्त झाली, आणि दसरा झाल्यावर ट्रक-ट्रॅक्टर पुन्हा भरून निघाले. ते आजही निघतात.

आपण आंबेडकरी कार्यकर्त्यांनीही हा विषय 'आरोग्याचा' म्हणून बाजूला ठेवला. अत्याचार झाला की आपण पोलीस ठाण्यावर जातो, शिष्यवृत्ती अडली की समाजकल्याण कार्यालयावर मोर्चा नेतो. पण एखादी बाई फडात तापाने फणफणत मोळ्या बांधते, किंवा पट्टा पडून गावी आल्यावर महिनाभर कुणाशी बोलत नाही, तेव्हा तो आपल्याला चळवळीचा प्रश्न वाटत नाही. माझे म्हणणे असे की हाच आज आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. स्थलांतरित माणसाच्या शरीराची आणि मनाची देखभाल हा दयेचा विषय नसून हक्काचा विषय आहे, आणि तो हक्क माणूस गाव सोडतो त्या दिवशी त्याच्या हातून काढून घेतला जातो.

अज्ञान नव्हे, हिशोब

ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो. पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखांपर्यंत. या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. हिशोबाच्या वहीत बाईचे वेगळे नाव नसते, तिची वेगळी मजुरी नसते. ती अर्धा कोयता असते. पाच-सहा महिने दोघांनी तोड करून ही उचल फेडायची. एक दिवस काम बुडाले तर 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे-हजार रुपये अंगावर चढतात.

आता बाईच्या जागी उभे राहून विचार करा. पहाटे तीन-चारला उठायचे, स्वयंपाक करायचा, फडावर जायचे, दिवसभर तोडलेला ऊस गोळा करून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. रात्री-अपरात्री गाडी आली तर पुन्हा भरायला जायचे. राहायला कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी शेतकऱ्याच्या मोटारीवर अवलंबून. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. त्यातून अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग. दवाखान्यात जायचे तर खाडा, शिवाय गाडीभाडे, शिवाय नवऱ्यालाही सोबत यावे लागले तर दोघांचा खाडा. म्हणून दुखणे अंगावर काढायचे. गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात दाखवायचे, आणि तिथे सांगितले जाते की पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.

टोळ्यांमध्ये बायकांशी बोलताना एक वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे : "पिशवी काढली की कटकट गेली." याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण हे वाक्य हिशोबाचे आहे. जिथे पाळीचे चार दिवस म्हणजे दर महिन्याला दंड आहे, तिथे दंड टाळण्यासाठी अवयव काढून टाकण्याचा निर्णय बाई घेते. डॉक्टरची लबाडी त्यात आहेच. ज्याने गरज नसताना पोट फाडले त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण त्या डॉक्टरकडे तिला नेणारी वाट खाड्याने तयार केली आहे. खाडा तसाच ठेवून नुसते दवाखाने तपासले तर बाई दुसऱ्या तालुक्यात जाईल, एवढेच होईल.

सगळ्यांचे हात वर

सरकारी आरोग्य व्यवस्था गावाच्या पत्त्यावर चालते. आशाताईंकडे गावातल्या घरांची यादी असते. नर्सबाईंकडे गावातल्या गरोदर बायकांची नोंद असते. लसीकरणाचा दिवस गावाच्या अंगणवाडीत ठरतो. बीडमधल्या तांड्यावरची किंवा वस्तीवरची बाई चौथ्या महिन्याची गरोदर असताना सांगली-कोल्हापूरकडे निघते, तेव्हा तिच्या गावच्या यादीत ती 'स्थलांतरित' होते. आणि जिथे ती पोहोचते तिथल्या यादीत ती येतच नाही. कोप्या गावाबाहेर, फडाच्या कडेला किंवा कारखान्याच्या माळावर असतात. गावकुसाबाहेर वस्ती म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. 'ती आमच्या गावची नाही' हे वाक्य ऐकले की जुना अनुभव नवे कपडे घालून समोर उभा राहतो.

मग जबाबदारी कुणाची? कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी स्वतःच कर्जात आहे. कारखान्याच्या आत काम करणाऱ्या कायम कामगाराला रजा आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारी बाई मात्र कुणाचीच कामगार नाही.

कायद्यातली फट तर आणखी बोलकी आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर मजुरांसाठी राहण्याची सोय आणि मोफत वैद्यकीय सुविधा देण्याची जबाबदारी टाकली. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यालाच स्थलांतरित मानत होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही आंतरराज्य ही अट सुटलेली नाही. म्हणजे बीडची टोळी निपाणीच्या फडात गेली तर निदान कागदावर संरक्षण, आणि अलीकडे कागलच्या फडात थांबली तर तेही नाही. दोन गावांमध्ये अंतर किती? घर मात्र दोन्हीकडून सारखेच लांब, आणि कोपीही तशीच.

रेशनच्या बाबतीत सरकारने 'एक देश, एक रेशन कार्ड' आणले. धान्य मजुराच्या मागे चालू शकते हे मान्य झाले. मग गरोदरपणाची तपासणी, बाळाची लस, रक्तदाबाची गोळी का चालत नाही? महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी. ज्या बाईला वेळेवर साधी तपासणी, स्वच्छ पाणी आणि दोन दिवसांची विश्रांती हवी होती, तिच्या वाट्याला व्यवस्था येते ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

मनाचे काय?

शरीराबद्दल निदान बातमी तरी होते. मनाबद्दल तीही होत नाही.

गर्भपिशवीबरोबर अंडाशयेही काढली गेली तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी एकदम कायमची जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, छातीत धडधडते, हाडे दुखतात, चिडचिड होते, रडू येते. हे होणार आहे असे तिला ऑपरेशनपूर्वी कुणी सांगितलेले नसते. घरचे म्हणतात, डोके फिरले. कुणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. मग दवाखान्याऐवजी देवऋषी. नवऱ्याची दारू उचलीच्या ओझ्याबरोबर वाढत जाते आणि तिचा मार हिला बसतो. मागे गावी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवलेल्या मुलांची काळजी वेगळी. मुलगी वयात आली की तिला मागे ठेवायचे भय आणि फडावर न्यायचेही भय, म्हणून लवकर लग्न लावायचे. त्या मुलीच्या मनात काय चालते हे विचारायला कुणाला वेळ आहे?

कायदा इथे स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीला सरकारी मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर माणसांना ती मोफत मिळाली पाहिजे असेही त्यात आहे. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. चांगली गोष्ट आहे. पण कोपीत फोन असतो तो बहुधा नवऱ्याच्या खिशात. नवऱ्याच्या माराबद्दल नवऱ्याच्याच फोनवरून, चार हातांवर दुसरी कोपी असताना, कोण बोलणार?

इथे आपल्याच काही मित्रांचा आक्षेप येतो. ते म्हणतात, समुपदेशन म्हणजे शोषण सहन करायला शिकवणे. व्यवस्था बदला, मन आपोआप बरे होईल. या आक्षेपात तथ्य आहे. 'सकारात्मक विचार करा, दीर्घ श्वास घ्या' असे खाडा भरणाऱ्या बाईला सांगणारा समुपदेशक मुकादमाचेच काम सोपे करतो. दुःख तिच्या डोक्यात नाही, तिच्या वहीत आहे. पण यावरून मनाच्या उपचारांची गरजच नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. जिला रात्रभर झोप नाही, जिच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, तिला क्रांतीपर्यंत थांब म्हणायचे? आणि संघटना उभी राहते ती बोलू शकणाऱ्या माणसांची. आतून मोडलेला माणूस मोर्चात येत नाही, तो गप्प होतो. म्हणून औषध आणि आंदोलन यात निवड करायची नाही. बाईचे ऐकून घेणारा माणूस तिला दोन गोष्टी सांगू शकला पाहिजे : तुला जे होते आहे त्यावर उपचार आहे, आणि तुला जे होते आहे त्याला तू जबाबदार नाहीस.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कुठे ठेवला होता

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळातली विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब आहे, तिचा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी खाणीतल्या स्त्री-मजुरांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा केल्या. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम त्याच खात्याने प्रा. अडारकरांकडे सोपवले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला.

या भूमिकेसमोर खाडा ठेवून पाहा. बाबासाहेब म्हणत होते की बाईला विश्रांतीचे पैसे मिळाले पाहिजेत. ऊसतोडीत विश्रांती घेतली म्हणून बाईकडूनच पैसे घेतले जातात. त्या विधेयकाला शंभर वर्षे होत आली आणि आपण नेमके उलट्या टोकाला उभे आहोत. त्यांच्या पुतळ्याला हार घालणारे कारखान्यांचे अध्यक्ष आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर बसतात, तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारायला आपली जीभ का अडखळते?

आणखी एक संदर्भ महत्त्वाचा आहे. फाळणीनंतर १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानात अडकलेल्या आणि तिकडून आलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांचे हाल, आणि निर्वासितांच्या छावण्यांत त्यांच्याशी होणारा भेदभाव त्यांनी त्यात मांडला. मदत छावणीतल्या माणसाला, आणि छावणीत जातीमुळे जागा नाही, म्हणजे मदतीच्या यादीतच नाव नाही. देश सोडून आलेला निर्वासित आणि जिल्हा सोडून आलेला ऊसतोड मजूर यांची दुःखे एकसारखी नाहीत. पण व्यवस्था दोघांनाही एकच प्रश्न विचारते : तू इथला आहेस का? आणि उत्तर 'नाही' आले की दार लावते.

आपल्या संविधानाचे उत्तर वेगळे आहे. कलम २१ मध्ये जीविताचा हक्क 'नागरिका'ला नव्हे, 'व्यक्ती'ला दिलेला आहे. १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. चकमा हे बौद्ध, पूर्व पाकिस्तानातून विस्थापित होऊन आलेले. त्यांच्या जीविताचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे, असा तो निकाल होता. त्याच वर्षी पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, तातडीच्या रुग्णाला सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे म्हणजे कलम २१ चा भंग, असेही न्यायालयाने ठरवले. परदेशातून आलेल्याला जो हक्क आहे, तो केज-पाटोद्याहून आलेल्या बाईला कोल्हापुरात का मिळू नये?

आजारी भिक्खूची गोष्ट

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच मलमूत्रात पडलेला. भगवान बुद्ध आनंदासह तिथे येतात आणि विचारतात, तुझी शुश्रूषा कुणी का करत नाही? तो सांगतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. बुद्ध स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, दोघे मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवतात. नंतर संघाला बोलावून बुद्ध समजावतात की तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार?

उपयोगी असेल तोवरच माणसाची विचारपूस, हा कारखान्याचा नियम आहे. संघाचा नियम तो नाही. आणि परमुलखात आईबापांपासून दूर पडलेल्या माणसाची काळजी कोणी घ्यायची याचे उत्तरही या प्रसंगात आहे. दर पौर्णिमेला विहारात वंदना म्हणणाऱ्या आपण सगळ्यांनी ते एकदा स्वतःला लावून पाहावे.

मागण्या आणि काम

सरकारने काहीच केले नाही असे नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. बीडमध्ये टोळीतल्याच बायकांना शिकवून 'आरोग्य साथी' तयार करण्याचे काम सुरू झाले. पण ही कामे प्रामुख्याने जिथून माणूस निघतो तिथली आहेत. नफा जिथे होतो तिथे अजून कुणी जबाबदार नाही. म्हणून मागण्या नेमक्या हव्यात.

एक, साखर आयुक्तांकडून कारखान्याला दरवर्षी मिळणारा गाळप परवाना कोप्यांच्या ठिकाणी पाणी, संडास, न्हाणी आणि आठवड्याला फिरता दवाखाना या अटींशी जोडा. अट मोडली तर परवाना नाही. दोन, आजारपण, पाळी आणि बाळंतपणाचा खाडा बेकायदा ठरवा आणि तो घेणाऱ्यावर गुन्हा दाखल करा. तीन, 'कोयता' मोडा. बाईची कामगार म्हणून स्वतःच्या नावाने नोंद, स्वतःच्या खात्यावर मजुरी. त्याशिवाय प्रसूती लाभ मिळणार नाही. चार, निघण्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने गरोदर बायका, लहान मुले आणि जुनाट आजारी यांची यादी पोहोचण्याच्या ठिकाणच्या केंद्राला कळवावी, आणि तिथल्या केंद्राने त्यांना आपल्या हद्दीतले रहिवासी मानावे. पाच, गर्भपिशवी काढण्यापूर्वी सरकारी दवाखान्यातले दुसरे मत मोफत मिळावे, आणि आधीच काढलेल्या बायकांची हाडांची, झोपेची, मनाची तपासणी दरवर्षी व्हावी. सहा, पट्टा पडून टोळ्या परततात त्या एप्रिल-मे महिन्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक वस्तीवर यावे. जिल्हा रुग्णालयात ठरावीक वारी बसून ते या बायकांना भेटणार नाही.

आणि आपण? जयंतीला रक्तदान आणि आरोग्य तपासणी शिबिरे आपण घेतो. घ्यावीतच. पण एका दिवसाच्या शिबिराने पाच महिन्यांचा फड भरून निघत नाही. आपल्याकडे एक ताकद आहे जी सरकारकडेही नाही. बौद्ध वस्त्या आणि विहारे बीड, जालना, परभणीतही आहेत आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातही. इकडच्या विहारातून टोळी निघाली की तिकडच्या विहारात फोन जाऊ शकतो. तिकडचे चार तरुण-तरुणी कोप्यांवर जाऊ शकतात, गरोदर बाईला आरोग्य केंद्रात सोबत घेऊन जाऊ शकतात, 'आमच्या गावची नाही' म्हणणाऱ्यासमोर १९९६ चा निकाल ठेवू शकतात. कुणाला किती खाडा लागला याची तारीखवार नोंद ठेवू शकतात. हीच नोंद उद्या कामगार आयुक्तांसमोर आणि न्यायालयात पुरावा होईल. समाजकार्य, नर्सिंग, मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलींनी सुट्टीतला एक महिना यासाठी दिला तर बायकांना नवऱ्याच्या फोनशिवाय बोलायला माणूस मिळेल.

काही जण विचारतील, टोळीत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, मातंग आहेत, मग आपणच का? खाणीतल्या बायकांसाठी कायदा करताना बाबासाहेबांनी त्यांची जात विचारली नव्हती. आणि ज्या टोळीत सगळ्या जाती एकाच माळावर राहूनही पाण्याचे हंडे वेगळे ठेवतात, तिथे आजारी बाईला हात देणारा आंबेडकरी कार्यकर्ता हा जातीविरुद्धचा सर्वांत साधा आणि सर्वांत खरा युक्तिवाद आहे.

येत्या दसऱ्याला ट्रक पुन्हा निघतील. त्याआधी आपल्या तालुक्यातून किती कोयते जाणार आहेत, कुठे जाणार आहेत आणि त्यात गरोदर बायका किती आहेत, एवढी यादी प्रत्येक शाखेने करावी. कामाची सुरुवात तिथून होईल.

जयभीम!